चाळणीचा स्वभाव

पाडव्याच्या आदल्या रात्री दही पंचात बांधून खुंटीला टांगण्याची चाल आपल्या घरांतून अजून मोडलेली नाही. बाजारात श्रीखंडाचे डबे हवे तेवढे मिळत असले, तरी घरच्या चक्क्याची सर त्यांना नाही असे मानणारी मंडळी इंदुरात अद्याप बरीच आहेत आणि आम्ही त्यांच्यातच मोडतो. हे काम ज्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षे गेले आहे, त्या गृहिणींना दोन गोष्टी कोणी शिकवाव्या लागत नाहीत. पहिली ही की, सुरुवातीला पाणी भराभर गळते आणि पुढे धार मंदावत जाते. कारण दह्याचाच एक थर कापडाच्या आतल्या अंगाला बसतो आणि मग कापडाऐवजी तो थरच चाळणीचे काम करू लागतो. दुसरी ही की, घाई करून पुरचुंडी पिळली, तर निवळ पाण्याऐवजी पांढरट पाणी येते. दहीच कापडाच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि चक्का बिघडतो.

स्वयंपाकघरातले हे दोन नियम आम्हांला गेल्या पावसाळ्यात एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाबाहेरील बाकावर बसले असता आठवले. प्रसंग आनंदाचा नव्हता.

आमचे एक जुने स्नेही, ज्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले, ते एका सकाळी पलंगावरून उठू लागले, तो पायांनी त्यांचे ऐकलेच नाही. आठ-दहा दिवसांपूर्वी पोट बिघडल्याचे निमित्त झाले होते. ते बरे होऊन विस्मरणातही गेले होते. आधी पावलांना मुंग्या, मग गुडघ्यांतील बळ नाहीसे, आणि संध्याकाळपर्यंत हातांत पेन धरवेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि रोगाचे नाव सांगितले : गुलेन-बॅरे सिंड्रोम.

हे नाव आता आपल्याला परके राहिलेले नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात या रोगाची साथ आली, दोनशेंहून अधिक लोक आजारी पडले आणि वृत्तपत्रांनी ‘जीबीएस’ ही तीन अक्षरे घरोघरी पोहोचविली. दूषित पाण्यावाटे पोटात गेलेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू त्या साथीत अनेक रुग्णांच्या तपासणीत सापडला. या जंतूच्या अंगावरील काही घटक आपल्या मज्जातंतूंवरील घटकांसारखेच दिसतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती प्रतिपिंडे शत्रू समजून आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. जंतू केव्हाच मेलेला असतो. लढाई मात्र चालूच राहते.

ही प्रतिपिंडे असतात रक्तद्रवात, म्हणजे ज्याला सर्वजण प्लाझ्मा म्हणतात त्या फिकट पिवळसर पातळ भागात. रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका बाजूला ठेवल्या, तर जे उरते ते रक्तद्रव. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग त्याचाच. म्हणून उपाय असा की, रक्त बाहेर आणावे, त्यातील रक्तद्रव वेगळा करून टाकून द्यावा, त्याच्या जागी अल्ब्युमिन या प्रथिनाचे द्रावण घालावे आणि पेशींसह ते परत शरीरात सोडावे. १९८५ साली उत्तर अमेरिकेतील २४५ रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासाने या उपायाची उपयुक्तता सिद्ध केली. त्या अभ्यासात तीव्र आजारी रुग्णांपैकी ज्यांचा रक्तद्रव बदलला गेला, ते आधाराविना चालू लागण्याचा मध्यक काल ५३ दिवसांचा ठरला. इतरांचा ८५ दिवसांचा.

डॉक्टरांनी हे थोडक्यात समजावून सांगितले. त्यांचे बोलणे ऐकून आमच्या स्नेह्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, माणसाचं रक्त गाळायचं म्हणजे काय? गाळणीला कळतं का, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते?”

हा प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटला. कारण रक्त गाळणाऱ्या पटलाचा सारा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचे, टप्प्याटप्प्याने मिळत गेलेले, उत्तर आहे. आणि त्या उत्तराचा उत्तरार्ध असा की, गाळणीला रक्त कळत नसले, तरी रक्ताला गाळणी कळते.

इतिहासाकडे आधी वळू. १९१४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एबल, राउनट्री आणि टर्नर या तिघांनी कुत्र्यांचे रक्त काढून, त्यातील पेशी वेगळ्या करून त्या परत शरीरात सोडण्याचे प्रयोग केले आणि या क्रियेला ‘प्लाझ्माफेरेसिस’ हे नाव दिले. ‘काढून घेणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घडविलेले आहे. त्यांनी पेशी वेगळ्या केल्या त्या गाळून नव्हे, तर गरगर फिरवून. पुढे दुधातून साय काढणाऱ्या यंत्राच्या तत्त्वावर रक्ताची फिरकी यंत्रे निघाली. जड पेशी एका बाजूला, हलका रक्तद्रव दुसऱ्या बाजूला. ही यंत्रे आजही रक्तपेढ्यांत आणि इस्पितळांत उत्तम काम देत आहेत.

गाळणीचा मार्ग दुसऱ्या दिशेने आला. १९४३ साली, जर्मन सैन्याच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमधील कांपेन या गावी, विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टराने सॉसेज भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या एका लाकडी पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. सेलोफेनच्या छिद्रांतून युरियासारखे अगदी लहान रेणू बाहेर पडत, प्रथिने आतच राहत. याच कल्पनेचा विस्तार होऊन डायलिसिसची आजची यंत्रे झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी असा विचार केला की, डायलिसिसच्या पटलाची छिद्रे सुमारे शंभरपट मोठी केली, तर प्रथिनांसह सगळा रक्तद्रव बाहेर पडेल आणि केवळ पेशी मागे राहतील. फिरकीविना रक्तद्रव वेगळा करणारी पटले अशा रीतीने अस्तित्वात आली.

डॉक्टरांनी आमच्या विनंतीवरून अशी एक न वापरलेली गाळणी हातात दिली. वीतभर लांबीची एक पारदर्शक नळी आणि तिच्यात शेवयांसारखा दिसणारा पांढऱ्या तंतूंचा जुडगा. प्रत्येक तंतू पोकळ. आतील पोकळी मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश एवढी. रक्त या पोकळीतून वाहते आणि तंतूच्या भिंतीतील छिद्रांतून रक्तद्रव बाहेर पाझरतो. सगळ्या तंतूंच्या भिंती उलगडून पसरल्या, तर अर्धा चौरस मीटर किंवा त्याच्या आसपास क्षेत्र भरते. एखाद्या लहान टेबलावर घालायच्या कापडाएवढे.

आता त्या छिद्रांचा हिशेब पाहू. आपली तांबडी पेशी सात ते आठ मायक्रॉन व्यासाची आणि दोन मायक्रॉन जाडीची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्तबिंबिका दोन-तीन मायक्रॉनच्या. प्रतिपिंडे मात्र मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या घरातली. तेव्हा या दोहोंच्या मधले कोणतेही छिद्र चालावे असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात बहुतेक गाळण्यांची छिद्रे ०.२ ते ०.६ मायक्रॉन यांदरम्यान ठेवतात आणि त्यामागचे कारण शरीराशी निगडित आहे.

तांबडी पेशी म्हणजे खडा नव्हे. ती मऊ आणि लवचिक आहे. आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून जाण्याची कला तिला जन्मतःच अवगत आहे. छिद्र मोठे ठेवले आणि दाब वाढला, की ती त्या छिद्रात बोट घातल्यासारखी शिरू पाहते, ताणली जाते आणि फुटते. तिच्यातील हिमोग्लोबिन रक्तद्रवात उतरते. बाहेर पडणारा द्रव पिवळसर असायचा, तो गुलाबी दिसू लागतो. मोकळे झालेले हिमोग्लोबिन शरीरात परत गेले, तर आधी त्याला बांधून ठेवणारी प्रथिने खर्ची पडतात आणि मग त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. रक्तवाहिन्याही त्याने आकसतात. उलट छिद्र फारच बारीक ठेवले, तर प्रथिनांचा थर त्यावर लवकर बसतो, पाझर मंदावतो आणि तो वाढविण्यासाठी पुन्हा दाबच वाढवावा लागतो. चक्क्याची पुरचुंडी पिळणाऱ्या घाईच्या हाताची चूक ती हीच. म्हणून पटलाच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक यंत्र सतत मोजत असते, आणि पाझरणाऱ्या द्रवात तांबडा रंग दिसताच यंत्र थांबावे अशी प्रकाशाच्या साहाय्याने पाहणारी योजना त्यात केलेली असते.

थर बसू नये यासाठी आणखी एक युक्ती आहे. दही टांगले की ते सरळ कापडावर दाबले जाते. रक्त मात्र पटलावर सरळ आपटू न देता त्याला समांतर वाहते ठेवतात. ओढ्याच्या वाहत्या पाण्याने काठचा गाळ धुतला जावा, तशी ही वाहती धार भिंतीजवळ आलेल्या पेशींना पुढे ओढून नेते. धार जितकी जोमदार, तितकी भिंत स्वच्छ. तंतू अरुंद का ठेवले, याचे उत्तरही इथेच आहे. अरुंद वाटेत भिंतीजवळचा वेग अधिक राहतो. रक्तदात्यांकडून केवळ रक्तद्रव घेण्यासाठी १९८० च्या दशकात जी यंत्रे निघाली, त्यांतील एका प्रकारात तर पटलच एका लहान दंडगोलावर बसवून वेगाने फिरविले जाते. फिरण्याने रक्तात बारीक भोवरे उठतात आणि ते पटल झाडत राहतात. अशा भोवऱ्यांचे गणित केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी १९२३ साली मांडून ठेवले होते. रक्ताचा विचार तेव्हा त्यांच्या मनातही नसेल.

पण या जोमदार धारेची किंमत रुग्णाला द्यावी लागते. पोकळ तंतूंच्या गाळणीला मिनिटाला शंभर ते दीडशे मिलिलिटर रक्त लागते. हाताच्या शिरेतून एवढे रक्त सहसा मिळत नाही. म्हणून मानेतील किंवा जांघेतील मोठ्या शिरेत जाड दुपदरी नळी घालावी लागते. फिरकी यंत्राचे काम बरेचदा हाताच्या शिरांवर भागते. वहिनींना त्या दिवशी सर्वांत जास्त भय वाटले ते मानेतील त्या नळीचेच. ते भय अगदीच अस्थानी नव्हते. अशा नळीची जागा स्वच्छ राखली नाही, तर तेथून जंतुसंसर्ग होऊ शकतो. पटलाचा आकार कारखान्यात ठरतो आणि त्याचा परिणाम रुग्णाच्या मानेवर दिसतो, ही गोष्ट आम्हांला त्या दिवशी प्रथम उमगली.

येथवर झाला तो छिद्रांचा आणि दाबाचा विचार. गाळणीची दुसरी बाजू अधिक सूक्ष्म आहे.

कापसाच्या वस्त्राइतके निरुपद्रवी दुसरे काही नाही असे आपण समजतो, आणि कातडीबाहेर ते खरेही आहे. सेलोफेन आणि त्याच्या कुळातील पटले कापसातल्याच सेल्युलोजची बनलेली असतात. १९६८ साली डॉक्टरांच्या ध्यानात आले की, डायलिसिस सुरू होताच पहिल्या काही मिनिटांतच रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या एकदम घटते आणि तासाभराने पूर्ववत होते. मग त्या पेशी मधल्या वेळात जातात कोठे? १९७७ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडे सोडविले. नुसत्या सेलोफेनला लावून ठेवलेला रक्तद्रव त्यांनी सशांच्या व मेंढ्यांच्या शरीरात परत सोडला. त्या प्राण्यांच्याही पांढऱ्या पेशी तशाच घटल्या. फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत त्या एकमेकींना चिकटून अडकल्या होत्या. यंत्र नव्हते, पंप नव्हता. सेलोफेनचा नुसता स्पर्श पुरेसा झाला होता.

याचे कारण असे. आपल्या रक्तद्रवात ‘पूरक’ म्हणून ओळखला जाणारा प्रथिनांचा एक समूह सतत पहाऱ्यावर असतो. जंतूंच्या अंगावर शर्करांचे आवरण असते आणि त्यावरील ठरावीक रासायनिक टोकांना चिकटून ही प्रथिने धोक्याची घंटा वाजवितात. सेल्युलोज हीही शर्करांचीच साखळी. तिच्यावर तशीच टोके हजारोंनी असतात. पहारेकऱ्याला वाटते, जंतूंची फौजच दाराशी आली. पूरक प्रथिनांचे तुकडे सुटतात, ते पांढऱ्या पेशींना चिथावतात, आणि रुग्णाला कधी थंडी वाजते, कधी छाती आवळल्यासारखी होते, कधी रक्तातील प्राणवायू कमी होतो.

या शोधानंतर पटले बनविणाऱ्यांनी निराळा विचार सुरू केला. सेल्युलोजची ती टोके रसायनांनी झाकली गेली. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पटले ही त्यातलीच. पुढे पॉलिसल्फोन, पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन अशी कृत्रिम पटले आली. परंतु तेथेही अडचण होतीच. तेलकट स्वभावाचे पटल पूरक प्रथिनांना कमी चेतविते, पण इतर प्रथिनांना स्वतःवर ओढून घेते. मग थर बसतो आणि छिद्रे बुजतात. म्हणून अशा पटलाला पाण्याशी जमवून घेणाऱ्या पदार्थाचा हात द्यावा लागतो किंवा असा पदार्थ त्यात मिसळावा लागतो. दोन स्वभावांची ही तडजोड आहे, आणि प्रत्येक तडजोडीत थोडे काही सोडावे लागते.

रक्तद्रव टाकून देण्याच्या उपचारात एक सोय मात्र आहे. पटलाच्या स्पर्शाने सुटलेले ते लहान तुकडे मोठ्या छिद्रांतून रक्तद्रवाबरोबर बाहेर पडतात आणि त्यांतील बराच भाग फेकल्या जाणाऱ्या पिशवीतच जातो. याउलट, दुहेरी गाळणीची जी पद्धत १९८० च्या सुमारास जपानमध्ये रुजली, तिच्यात पहिल्या गाळणीने रक्तद्रव वेगळा होतो, दुसरी अधिक बारीक गाळणी त्यातील मोठे रेणू अडविते आणि उरलेला द्रव अल्ब्युमिनसह रुग्णाला परत मिळतो. अल्ब्युमिनची यात मोठी बचत होते; पण जे परत जाते त्यात पटलाने चेतविलेले अंशही परत जाऊ शकतात. म्हणून तेथे पटलाची निवड अधिकच काळजीने करावी लागते.

आता आमच्या स्नेह्यांकडे परत येऊ. यंत्र सज्ज झाले, गाळणी मिठाच्या द्रावणाने धुऊन तिच्यातील हवा काढून झाली. हे धुणे केवळ उपचार म्हणून नसते. हवेचा बुडबुडा राहिलेल्या तंतूत रक्त गोठते आणि निर्जंतुकीकरणाचा अंश राहिला, तर त्याचीही बाधा होऊ शकते. एवढ्यात डॉक्टरांनी विचारले, “घरी कोणती औषधं चालू होती?” वहिनी म्हणाल्या, “विशेष काही नाही, एक रक्तदाबाची गोळी असते.” गोळीचे नाव त्यांना आठवेना. सून मात्र सावध. तिने घरून येताना औषधांचा डबाच पिशवीत घालून आणला होता. पाकिटावर नाव होते रामिप्रिल, आणि नवऱ्याची तब्येत बिघडली तरी वहिनींनी नेम न चुकविता त्या सकाळीही ती गोळी त्यांना दिली होती. डॉक्टरांनी पाकीट पाहिले, रुग्णाचा श्वास पुन्हा एकदा तपासला आणि म्हणाले, “श्वास ठीक आहे, एक दिवस थांबता येईल. आज नको, उद्या करू. ही गोळी आजपासून बंद.”

एका गोळीसाठी उपचार पुढे ढकलला, याचे वहिनींना नवल वाटले आणि थोडा रागही आला. खुलासा आम्हांला नंतर मिळाला, तो असा.

काही पटलांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. असा पृष्ठभाग रक्ताला लागला की रक्तातील आणखी एक प्रथिनसाखळी चेतते आणि तिच्यातून ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ सुटतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो. रक्तदाब एकदम कोसळू शकतो, चेहरा लाल होतो, घसा सुजू शकतो. एरवी शरीरातील एक विकर या पदार्थाचा काही क्षणांतच फडशा पाडते, त्यामुळे गोष्ट तेथेच मिटते. परंतु ‘प्रिल’ने शेवट होणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या नेमके तेच विकर बंद पाडतात. १९९० साली युरोपातील डॉक्टरांनी हा घातक योग उघडकीस आणला : ऋणभारित पटलावर डायलिसिस होत असलेल्या आणि या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांना पहिल्या काही मिनिटांतच तीव्र प्रतिक्रिया येत होत्या. पटल एकटे फारसे दोषी नव्हते, गोळीही नव्हती. दोघांची गाठ पडणे धोक्याचे होते. यातील योगायोग असा की, ब्रॅडिकायनिनचा शोध १९४९ साली ब्राझीलमध्ये एका विषारी सापाच्या विषावर काम करताना लागला आणि या वर्गातील पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, त्याच सापाच्या विषातील द्रव्यांच्या अभ्यासातून पुढे जन्मली.

आजच्या रक्तद्रव-गाळण्या त्या जुन्या पटलाइतक्या ऋणभारित नसतात. तथापि अल्ब्युमिनच्या द्रावणातही ही साखळी चेतविणारे अंश क्वचित असू शकतात, आणि या उपचारात ते द्रावण लिटरांच्या मापाने शरीरात जाते. म्हणून अशी गोळी किमान एक दिवस आधी थांबविण्याचा प्रघात आहे. आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत तो दिवस हाताशी होता. ज्यांचा श्वास अडखळत असतो, त्यांच्या बाबतीत तो नसतो. तेथे डॉक्टरांना धोक्यांची तुलना करूनच पाऊल टाकावे लागते, आणि त्यासाठी गोळीची माहिती आधीच हाती असावी लागते. सुनेने उचललेल्या त्या डब्याचे मोल एवढे होते.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झाले. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिले होते. पटलाच्या यंत्रावर बहुधा हेच वापरतात आणि त्यातील काही भाग रक्तद्रवाबरोबर निघून जात असल्याने ते डायलिसिसहून अधिक लागते. फिरकी यंत्रावर बहुधा सायट्रेट असते; ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ शकतात. अडीच तासांत सुमारे अडीच लिटर रक्तद्रव पिशव्यांत जमा झाला. गाळण्याचा वेग वाढविला असता तर वेळ वाचला असता, पण डॉक्टरांनी तो वाढविला नाही. पुरचुंडी पिळायची नाही, हा नियम त्यांनाही ठाऊक होता.

पलंगावर पडल्या पडल्या आमच्या स्नेह्यांनी क्षीण आवाजात विचारले, “सगळा रक्तद्रव बदलला, तर सगळी प्रतिपिंडं गेली असतील ना?” डॉक्टर म्हणाले, “नाही सर. आम्ही काढत असतो आणि त्याच वेळी नवं घालतही असतो. नवं जुन्यात मिसळतं, मग पुढे निघतं ते मिश्रण. एकदा बदलल्यावर शेकडा त्रेसष्ट जातात, सदतीस उरतात.” स्नेह्यांनी डोळे मिटले आणि क्षणभराने म्हणाले, “म्हणजे लगेच दुप्पट काढलात, तरी चौदा उरतीलच.” गणित बरोबर होते. शिवाय अर्ध्याहून अधिक प्रतिपिंडे रक्ताबाहेर, ऊतींच्या द्रवात असतात. ती मधल्या दिवसांत हळूहळू रक्तात उतरतात. म्हणूनच हा उपचार एका बैठकीत उरकत नाही; एक-दोन आठवड्यांत साधारण पाच वेळा करावा लागतो. त्या दिवशी पेन धरता न येणाऱ्या माणसाने तोंडी हिशेब केला आणि वहिनींच्या चेहऱ्यावर चार दिवसांत प्रथमच हसू दिसले.

वहिनींच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही त्यांना प्रामाणिकपणे दिले. गाळणीला मित्र आणि शत्रू यांतला भेद कळत नाही. मज्जातंतूंवर हल्ला करणारी प्रतिपिंडे जशी बाहेर पडतात, तशीच गोवर-कांजिण्यांपासून आपले रक्षण करणारीही पडतात. रक्त गोठविणारी प्रथिनेही त्यांच्याबरोबर जातात. गोठण्याची प्रथिने दोन-तीन दिवसांत बऱ्याच अंशी भरून येतात, प्रतिपिंडांना आठवडे लागतात. त्या काळात जखमेची आणि संसर्गाची काळजी घरच्यांनीच घ्यायची असते.

या सदरात आम्ही औषधोपचार सांगत नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. मात्र ज्यांच्या घरावर असा प्रसंग येईल, त्यांच्यासाठी त्या बाकावर शिकलेल्या चार गोष्टी लिहून ठेवणे आम्हांला कर्तव्य वाटते. रुग्णाबरोबर त्याच्या औषधांचा डबा न्यावा, आणि ‘विशेष काही नाही’ असे कधीही म्हणू नये. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नये, पण ती घेतली केव्हा, हे नेमके सांगावे. उपचार चालू असता थंडी वाजली, ओठांना मुंग्या आल्या, छाती आवळली, कंबर दुखू लागली, तर रुग्णाने ‘उगाच कोणाला त्रास कशाला’ असा संकोच न धरता परिचारिकेला तत्काळ सांगावे. यंत्राला जे दिसत नाही ते शरीर आधी सांगते. आणि यंत्र हळू चालले आहे म्हणून घाई करू नये.

आमचे स्नेही आता काठी घेऊन चालतात. सकाळी त्यांच्या घरावरून जाताना कधी वहिनी अंगणात दिसतात, कधी ते स्वतः. बोटांत अजून पूर्ण बळ आलेले नाही. शेजारच्या मुलांना गणित शिकवितात ते पाटीवर मोठी मोठी अक्षरे काढून. यंदाच्या पाडव्याला त्यांच्या घरून श्रीखंडाचे भांडे आले. चक्का कसा झाला आहे असे आम्ही विचारले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “घट्ट झालाय, भाऊजी. रात्रभर टांगला होता. कोणाला हात लावू दिला नाही.”